केसांवरून नाही, फुंकरीवरून कळलं

पाकिटातलं काही खाल्लं की लेकीला धाप लागायची. एका प्रयोगशाळेने तिचे केस मागवून 'सल्फरची अ‍ॅलर्जी' असा कागद धाडला, पैसे पाण्यात. या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो बाजूला सारला. सल्फर म्हणजे गंधक, ते शरीरात असतंच. संशय सल्फाइटचा, म्हणजे पाकिटातलं खाणं टिकवायला घालतात त्याचा, आणि सल्फाची औषधं ही तिसरीच गोष्ट, म्हणाल्या. त्वचेवर टोचून हे सहसा कळत नाही. म्हणून देखरेखीखाली सल्फाइटचा डोस थोडाथोडा वाढवला, दर वेळी श्वासाचा जोर मोजायला नळीत फुंकर. नर्सताई म्हणायच्या, "मेणबत्ती विझव गं!" तिसऱ्या डोसला आकडा घसरला, पंप तयारच होता. सगळी सकाळ गेली, खुर्च्याही टणक. आता पाकिटावर २२० ते २२८ हे सल्फाइटचे आकडे लेकच आधी शोधते.