पहिली जादा लेन्स: टेली की मॅक्रो?

कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सवर हात बसला की गोव्यात दोन गोष्टी खुणावू लागतात. चोडणच्या खारफुटीतला खंड्या जवळ आणावासा वाटतो आणि पावसात परसातल्या अळवाच्या पानावरची टाचणी (बारीक चतुर) डोळ्यांसकट टिपावीशी वाटते. खिशात पैसे मात्र एकाच लेन्सपुरते असतात. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी आधी टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, घ्यावी. मॅक्रोची, म्हणजे बारक्या गोष्टी जवळून मोठ्या टिपायची, हौस तिच्यावरच थोडे पैसे घालून बरीचशी भागते. फक्त टेली नीट पारखून घ्या.

कॅननचा क्रॉप (लहान) सेन्सरवाला डीएसएलआर असेल तर ५५-२५० आयएस एसटीएम (आयएस म्हणजे स्थिरीकरण, हात थरथरला तरी फोटो न हलू देणारी सोय). वजन ३७५ ग्रॅम, गळ्यात दिवसभर अडकवली तरी मान धरत नाही. १.६ च्या क्रॉपमुळे २५० वर ४०० मिलिमीटरची चौकट मिळते. किटमध्ये दुसरी लेन्स म्हणून गळ्यात मारली जाणारी ७५-३०० मात्र घेऊ नका. आकडा मोठा दिसतो, पण तिच्यात स्थिरीकरण नाही, ३०० वर फोटो मऊ, म्हणजे धूसर येतो आणि दीड मीटरच्या आत ती फोकसच करत नाही. ५५-२५० मात्र ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. हा फरक पुढे मॅक्रोला उपयोगी पडतो.

निकॉनवाल्यांसाठी एएफ-पी ७०-३०० व्हीआर (व्हीआर म्हणजे निकॉनचं स्थिरीकरण), ४१५ ग्रॅमची. तशीच दिसणारी, व्हीआर नसलेली बहीण बाजारात आहे, त्यामुळे नळीवरचं नाव पूर्ण वाचा. शिवाय डी ३१०० किंवा डी ५१०० सारख्या जुन्या बॉडीवर एएफ-पी लेन्स फोकसच करत नाही. त्यांनी ५५-२०० व्हीआर शोधावी. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला असेल तर निकॉन झेडची ५०-२५० चांगली. कॅननची आरएफ-एस ५५-२१० हलकी आहे, पण लांबच्या टोकाला एफ ७.१ (हा आकडा मोठा, तितका उजेड कमी) इतकी अंधारी होते. अडॅप्टर लावून जुनी ५५-२५० वापरणं मला जास्त पटतं.

या लेन्सांकडून काय मिळतं? रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरून सलीम अली अभयारण्याच्या पायवाटेवर सकाळी गेलात, तर खारफुटीच्या सावलीत उजेड कमी असतो. एफ ५.६ वर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० किंवा वर न्यावा लागतो. होडीत बसलात तर लक्षात ठेवा, स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, पक्ष्याची हालचाल नाही. उडणाऱ्या पक्ष्याला शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली नको. चिखलातल्या निवट्या, बांधावरचे बगळे, तारेवरचा वेडा राघू यांना २५० पुरते. करमळीच्या तळ्यात हिवाळ्यात मधोमध बसलेल्या अडई बदकांचे मात्र ठिपकेच येतील. ३०० नेही फार काही बदलत नाही, आणि ते काम बजेट लेन्सचं नव्हेच.

आता मॅक्रो. खरी मॅक्रो म्हणजे १:१, किडा जेवढा, तेवढाच सेन्सरवर. क्रॉप सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद, म्हणजे चौकटीत दोन सेंटिमीटरचं जग मावतं. ५५-२५० जास्तीत जास्त ०.२९ पट देते, चौकट पावणेआठ सेंटिमीटरची. गोव्याचं राज्य फुलपाखरू मलबार ट्री निम्फ पंख पसरून बारा सेंटिमीटरच्या पुढे जातं. ते तर या चौकटीत मावणारही नाही. फुलपाखरं, मोठे चतुर, बेडूक यांच्यासाठी वेगळी मॅक्रो लागतच नाही. मुंगी, उडी मारणारा कोळी, टाचणीचा डोळा हवा असेल तरच तिची गरज.

स्वस्त मॅक्रोंत एक गोम आहे. निकॉनची ४० मिलिमीटर आणि कॅननची ३५ मिलिमीटर दोन्ही खऱ्या १:१, पण तिथवर पोचताना काच किड्यापासून तीन-साडेतीन सेंटिमीटरवर येते. कॅमेऱ्याची सावली पडते आणि किडा पळतो. कॅननची ६० जवळपास नऊ सेंटिमीटरची मोकळीक देते. सगळ्यात बरी सेकंडहँड ९० किंवा १००. जुनी टॅमरॉन ९० सुरुवातीच्या निकॉनवर ऑटोफोकस करत नसेल तरी बिघडत नाही. इतक्या जवळून फोकस हातानेच, किंबहुना अंग पुढेमागे झुलवूनच करतात. चोर्ला घाटात पावसाळी रात्री भेटणाऱ्या चापडा सापासाठी मात्र टेलीच वापरा, दीड-दोन मीटर मागे उभं राहून. तो विषारी आहे.

टेलीवर मॅक्रो भागवायची वाट अशी: रेनॉक्स डीसीआर-१५० नावाची छोटी क्लोजअप लेन्स ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टर-आट्यांवर चिमट्यासारखी बसते. ५५-२५० चा आटा ५८ चा आहे. २५० वर ठेवलं की सुमारे १.२ पट मोठं दिसतं आणि काच किड्यापासून वीस सेंटिमीटर लांब राहते. उजेड कमी होत नाही. एक्स्टेन्शन ट्यूबने (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायची पोकळ नळी) होतो. डीसीआर-२५० किड्याच्या खऱ्या आकाराच्या दुप्पट मोठं दाखवते, पण तिच्यात फोकसची खोली इतकी बारीक की नवखा वैतागतो. दोन्हींत एफ ११ आणि फ्लॅश लागणारच. कॅमेऱ्याचा उघडणारा फ्लॅश चालतो, त्यापुढे पांढऱ्या पातळ फोमचा तुकडा धरा.

म्हणजे आधी मॅक्रो कोणी घ्यावी? ज्याच्या दाराशी सत्तरी-सांग्याचं रान आहे, जो पक्ष्यांकडे बघतही नाही आणि जून ते सप्टेंबर कॅमेरा बाहेर काढतो, त्याने. बाकीच्यांचा हंगाम ऑक्टोबरनंतर सुरू होतो, तेव्हा टेली हातात असावी.

गोव्यात सेकंडहँड घेताना दोन्ही टोपणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागून लावा आणि पुढून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही उतरवली तरी परत करा. घेतलेली लेन्स पावसाळ्यात कपाटात कपड्यांसोबत न ठेवता सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि जेलचे मणी रंग बदलले की ते तापवून पुन्हा घाला.