९९ डॉलरचे डक्ट क्लीनिंग आणि नसलेली बुरशी

ह्यूस्टन परिसरात घर घेतलेल्या मराठी मंडळींनो, "पूर्ण घराचे डक्ट क्लीनिंग फक्त ९९ डॉलर" (म्हणजे एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या नळ्यांची सफाई) ही जाहिरात दिसली तर लांब राहा. आमच्याकडून याच नावाखाली १,८५० डॉलर उकळले.

बेडरूमच्या छतावरच्या जाळीभोवती काळे ठिपके धरले होते. मुलाला दमा, म्हणून सफाईसाठी माणूस बोलावला. त्याने जाळ्यांवरून साधा घरगुती व्हॅक्यूम फिरवला, अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छतावरच्या माळ्यावर, चढला आणि मोबाइलवर फोटो घेऊन खाली आला. पत्र्याच्या चौकोनी डक्टमध्ये काळाकुट्ट थर. "टॉक्सिक ब्लॅक मोल्ड, विषारी काळी बुरशी आहे. मुलाला आज इथे झोपवू नका." आईला हे ऐकवल्यावर ती भाव करत बसत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. आजच्या आज काम केले तर सवलत, पण पैसे 'झेल'नेच (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) द्यायचे. मग कसलेसे गोडसर वासाचे औषध फवारून तो गेला. मुलगा रात्रभर खोकत होता.

ठिपके पुन्हा आले तेव्हा नेहमीच्या एसीवाल्याला बोलावले. फोटो पाहून तो म्हणाला, हे तुमचे घरच नाही. आमच्या अ‍ॅटिकमध्ये पत्र्याचा डक्ट एकही नाही, सगळे चंदेरी फ्लेक्स डक्ट, आत तारेचे वेटोळे असलेले. दुसऱ्याच कुणाच्या घराचा फोटो दाखवून लेकराच्या आजाराची भीती घातली, याचा संताप अजून जात नाही.

खरे कारण साधे होते. एसीच्या पाण्याची ड्रेन लाइन तुंबली होती, त्यामुळे ट्रे भरलेला आणि कॉइल ओलसर. शिवाय जाळीच्या कडेच्या फटीतून अ‍ॅटिकची गरम दमट हवा जाळीच्या थंड पत्र्याला लागून तिथे घाम धरत होता आणि त्यावर धूळ बसत होती. लाइन मोकळी केली, फट बुजवली, ठिपके थांबले. ओलावा राहिला तर कितीही सफाई करा, बुरशी परत येणारच.

अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए स्पष्ट सांगते की डक्ट साफ केल्याने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही. काळे दिसते ते बुरशीच आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. फायबरग्लासचे इन्सुलेशन भिजून बुरशी धरली असेल तर ते धुऊन भागत नाही, बदलावे लागते. आणि फायबरग्लास बोर्डाच्या किंवा आतून फायबरग्लासचे अस्तर असलेल्या डक्टवर फवारायला ईपीएने एकाही जंतुनाशकाची नोंदणी केलेली नाही. आमच्या एअर हँडलरवरचा (डक्टमध्ये हवा ढकलणाऱ्या एसीच्या यंत्रावरचा) मोठा डबा नेमका फायबरग्लास बोर्डाचा आहे!

टेक्सासमध्ये बुरशी तपासणारे आणि काढणारे, दोघांनाही टीडीएलआरचा (राज्याच्या परवाना खात्याचा) परवाना लागतो, आणि एकाच कामात ही दोन्ही कामे एकाच परवानाधारकाला करता येत नाहीत. सलग २५ चौरस फुटांहून कमी बुरशी काढायला परवान्याची सूट आहे. ती सबब पुढे केली जाईल. तरीही "आधी स्वतंत्र तपासनीसाचा लेखी अहवाल आणू, मग बोलू" एवढे म्हणून दार लावून घ्या. परवाना क्रमांक टीडीएलआरच्या संकेतस्थळावर लगेच तपासता येतो. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या, म्हणजे निदान तक्रारीला जागा राहते. आम्ही स्वतःहून पाठवलेले असल्याने बँकेने हात वर केले. टीडीएलआरकडे तक्रार केली आहे, तो फोटोही जोडला आहे.