डॉवेल की बिस्किट: घरी फर्निचर जोडताना काय निवडावं

घरात ड्रिल मशीन आहे, तीन-चार शिकंजे आहेत, वखारीतून सागाच्या फळ्या चिरून आणल्या आहेत आणि आता प्रश्न पडलाय तो सांध्याचा. डॉवेल घालावेत की बिस्किट मशीन घ्यावं? माझं मत आधीच सांगतो. खुर्ची, स्टूल, दिवाणाची चौकट, टेबलाचे पाय असं वजन झेलणारं काही करायचं असेल तर डॉवेल. रुंद फळ्या शेजारी शेजारी जोडायच्या असतील किंवा प्लायची कपाटं एकामागून एक करायची असतील तर बिस्किट. आणि दोन्हींपैकी एकच घेण्यापुरते पैसे असतील तर डोळे झाकून डॉवेल.

डॉवेल म्हणजे गोल लाकडी खुंटी. आपल्याकडच्या सुतारकामाला खुंटी नवी नाही, जुन्या वाड्यांच्या दारांत कुसवातून (लाकडाचं टोक कोरून केलेली, दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी जीभ म्हणजे कुसू) आरपार मारलेल्या खुंट्या आजही दिसतात. बाजारात मिळणारे तयार डॉवेल ६, ८ आणि १० मिमी जाडीचे असतात आणि त्यांच्या अंगावर बारीक खाचा असतात. बिस्किट म्हणजे बीच नावाच्या झाडाचं लाकूड दाबून केलेली पातळ, लंबगोल चकती; मशीनने दोन्ही लाकडांत खाच पाडायची आणि ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे बसवायची. स्वित्झर्लंडच्या हरमन स्टायनर यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत काढली, त्यांची लामेलो कंपनी आजही तीच यंत्रं बनवते. बिस्किटं ४ मिमी जाडीची असतात आणि तीन मापं सगळीकडे चालतात: ० नंबर ४७ मिमी लांब, १० नंबर ५३ आणि २० नंबर ५६.

ताकदीचा हिशेब या मापांतच आहे. ८ मिमी जाड आणि ४० मिमी लांब डॉवेल दोन्ही लाकडांत २०-२० मिमी शिरतो. २० नंबरचं बिस्किट २३ मिमी रुंद, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेअकराच मिमी. आता खुर्चीची आडपट्टी घ्या, साधारण दोन इंच रुंद. मशीनचं पातं गोल असल्यामुळे २० नंबरची खाच ६० मिमीपेक्षा जास्त लांब पडते, ती पट्टीच्या बाहेरच निघते. ० नंबर घ्यावं तर पकड आणखी कमी. त्याच पट्टीच्या टोकाला ८ मिमीचे दोन डॉवेल आरामात बसतात आणि पाय पिळला जातो तेव्हा दोघं मिळून तो पीळ सहन करतात. खुर्चीवर माणूस मागे रेलून बसतो, दिवाणावर पोरं उड्या मारतात. तिथे बिस्किटावर भिस्त ठेवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

डॉवेललाही एक मर्यादा आहे. आडपट्टीत डॉवेल लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जातो, तिथे ग्लूची पकड उत्तम. पायात मात्र तो रेषेला आडवा शिरतो. लाकूड आकसतं ते रेषेच्या आडव्या अंगाने, त्यामुळे पायातलं गोल भोक वर्षानुवर्षांत किंचित लंबगोल होतं आणि सांधा खिळखिळा व्हायला लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत. लगेच पाठोपाठ पावसाळ्याचा ओलावा. त्यातून घरात कूलरच्या झोतासमोर ठेवलेली खुर्ची भर उन्हाळ्यातही दमट हवा खाते. सागाला याचा त्रास कमी होतो, आंबा आणि निंबाला जास्त. रोजच्या वापराची, पिढीभर टिकवायची खुर्ची असेल आणि हात बसलेला असेल, तर दोन्ही सोडून सरळ कुसू काढा.

अचूकतेत मात्र बिस्किट पुढे आहे. खाच बिस्किटापेक्षा लांब असते, त्यामुळे ग्लू लावल्यावरही फळी लांबीच्या दिशेने दोन-तीन मिमी सरकवता येते आणि वरची पातळी तरीही एकसारखी राहते. डॉवेल असं काही चालवून घेत नाही. दोन भोकांतलं अंतर अर्ध्या मिमीने चुकलं तरी दोन्ही खुंट्या एकदम बसत नाहीत, आणि हातोडी मारून बसवल्या तर लाकूड तडकतं. म्हणून डॉवेलसाठी जिग, म्हणजे बिट नेमक्या जागी सरळ धरणारा साचा, हवाच, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने भोकं पाडू नयेत. बिट मधोमध टोक असलेलं, लाकडासाठीचंच घ्या, लोखंडासाठीचं बिट रेषेबरोबर भरकटतं. बिटवर चिकटपट्टी लावून खोलीची खूण करा आणि भोक डॉवेलच्या टोकापेक्षा दोन मिमी खोल पाडा, कारण तळाशी ग्लू साठतो. गुळगुळीत दांडी कापून घरी डॉवेल केले असतील तर करवतीने त्यांच्या अंगावर एक लांब रेघ ओढून घ्या. ती नसेल तर खाली अडकलेल्या ग्लूला वर यायला वाट मिळत नाही आणि दाबाने फळी फुटते.

आता फळ्या जोडण्याबद्दल, कारण आपल्याकडे ओसरीतली बंगई, म्हणजे कड्यांना टांगलेला फळीचा झोपाळा, हे घरी करायचं काम म्हणून बऱ्याच जणांच्या मनात असतं. चार इंची पाच फळ्या कडेला कड लावून जोडल्या तर ताकद कशातून येते? ग्लूमधूनच. कडा रंध्याने नीट सरळ केल्या असतील तर फेविकॉलचा असा उभा सांधा लाकडाइतकाच पक्का होतो. डॉवेल किंवा बिस्किट तिथे फक्त फळ्या एका पातळीत धरायला लागतं, आणि त्या कामाला बिस्किट सोपं आणि झटपट. सहा ते आठ इंचांवर एक पुरे. टोकापासून दोन-अडीच इंच सोडा, नाहीतर शेवटी कडा कापताना बिस्किट उघडं पडतं. कड्यांची भोकं कुठे येणार ते आधीच पेन्सिलीने आखा आणि त्या जागी काहीच घालू नका. खालच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूची भोकं लांबट ठेवा, म्हणजे फळी पावसाळ्यात पसरली तरी चिरणार नाही. बंगईचा भार या पट्ट्या आणि कड्या घेतात, बिस्किटं नाही.

बिस्किटाचा एक दोष फार जणांना उशिरा कळतो. ते ग्लूमधलं पाणी पिऊन फुगतं, त्यामुळेच खाचेत घट्ट बसतं. पण फुगताना वरचं लाकूडही केसभर उचलतं. दुसऱ्याच दिवशी रंधा किंवा सँडर फिरवला की उचललेला भाग घासला जातो. पुढे पाणी सुकतं, लाकूड खाली बसतं आणि पॉलिश झाल्यावर तिरप्या उजेडात प्रत्येक बिस्किटाच्या जागी लंबगोल खळगा दिसतो. सागाच्या चकचकीत पाटावर हे फार वाईट दिसतं. उपाय एकच: जोडलेली फळी चार-पाच दिवस सावलीत तशीच राहू द्या, मग घासा. आणि ग्लू पाण्यातलाच वापरा. इपॉक्सीत, म्हणजे पाणी नसलेल्या दोन भाग मिसळून करायच्या ग्लूत, बिस्किट फुगतच नाही.

उन्हाळ्यात इथे ग्लूवर लगेच साय धरते, आणि बिस्किट तर ग्लू लागल्याबरोबर फुगायला सुरुवात करतं. म्हणून मे महिन्यातली जोडणी पहाटे करा, सगळे भाग कोरडेच एकदा बसवून पाहा, शिकंजे उघडून हाताशी ठेवा. पावसाळ्यात उलटी अडचण: उघडं पाकीट ठेवलं तर बिस्किटं हवेतला ओलावा घेऊन आधीच फुगतात आणि खाचेत जात नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. डॉवेललाही हेच लागू.

१८-१९ मिमी प्लायच्या कपाटात दोन्ही चालतं. कप्पे जास्त असतील तर बिस्किटाने वेळ वाचतो. पार्टिकल बोर्डाला (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीला) मला डॉवेल बरे वाटतात, कारखान्यातलं तयार फर्निचरही बहुतेक त्यांच्यावरच जोडलेलं असतं. बोर्डाच्या जाडीच्या निम्म्याहून जाड डॉवेल मात्र कधीही घालू नका.

खर्चाचं म्हणाल तर डॉवेलला घरचं ड्रिल, एक बिट आणि जिग पुरतं, खुंट्या कमी पडल्या तर घरीही करता येतात. बिस्किट मशीनला त्याच्या कित्येक पट पैसे लागतात आणि धुळे-नंदुरबारसारख्या ठिकाणी बिस्किटं ऑनलाइनच मागवावी लागण्याची शक्यता जास्त. तुमच्याकडे राउटर (लाकडात खाचा कोरणारं हातातलं यंत्र) असेल तर मशीन घेण्याआधी ४ मिमीचं खाच पाडणारं कटर लावून पाहा, फळ्यांच्या कडांना तेवढ्याने काम भागतं. सहा महिन्यांत चार कपाटं करायचा बेत असेल, तरच मशीनची ऑर्डर द्या.