टर्न सर्व्हर सात महिने वापरल्यावर: एकतर्फी आवाजाची कटकट गेली

सात महिने झाले, ऑफिसच्या ॲस्टेरिस्कला (इंटरनेटवरून फोन चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) जोडून कोटर्न चालवतोय, म्हणजे टर्न सर्व्हर, जो दोन टोकांमधला आवाज मध्ये बसून पोचवतो. आमची निम्मी माणसं बाहेरून सॉफ्टफोनवर (कॉम्प्युटर-मोबाइलवरचं फोन ॲप) बोलतात, कोणी घरून, कोणी क्लायंटच्या ऑफिसातून, आणि आधी रोज तीच तक्रार, रिंग जाते, समोरचा उचलतो, पण आवाज एकाच बाजूला. नाहीतर कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कट.

३२ सेकंदवाल्याचा टर्नशी संबंध नव्हता, ते आधी सांगतो. फोन उचलला की सॉफ्टफोन उत्तरात स्वतःचा १९२.१६८ वाला घरातला पत्ता देतो, सर्व्हर पोच त्याच पत्त्यावर पाठवतो, ती कुठेच पोचत नाही आणि ३२ सेकंद वाट बघून फोन कॉल सोडतो. ॲस्टेरिस्कमध्ये रीराइट कॉन्टॅक्ट आणि फोर्स आरपोर्ट (फोनने सांगितलेल्या पत्त्याऐवजी पॅकेट जिथून आलं तो पत्ता वापरायच्या सेटिंग) चालू केलं, लोकांच्या राउटरमधलं सिप एएलजी (सिप म्हणजे कॉल जोडायचे निरोप, एएलजी त्यातले पत्ते परस्पर बदलतं) बंद करायला लावलं, संपलं.

खरा त्रास क्लायंटच्या फायरवॉलचा. सिप जातं ५०६० पोर्टवरून पण आवाज वेगळ्याच यूडीपी (पॅकेट पोचलं का ते न बघता पाठवायची पद्धत) पोर्टवरून, आमच्याकडे १०००० ते २००००, आणि तिकडे यूडीपी सरसकट बंद, बाहेर जायला फक्त ४४३, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचा टीसीपी पोर्ट. स्टन सर्व्हरने काही होत नाही, तो फक्त तुमचा बाहेरचा पत्ता सांगतो, आणि सिमेट्रिक नॅट (नॅट म्हणजे राउटरने आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) असेल तर प्रत्येक ठिकाणासाठी पोर्टच बदलतो त्यामुळे ती माहितीही फुकट. टर्न मात्र आवाज स्वतः वाहून नेतो. ४४३ वर टीएलएसने (वेबसाइटसारखं एन्क्रिप्ट करून) लावला, सिपसुद्धा वेबसॉकेटवरून (वेबचंच सतत उघडं राहणारं कनेक्शन) ४४३ लाच नेलं (दोन्हींना वेगळे आयपी घेतले, एकाच आयपीवर बसवायची खटपट नको), आणि ज्या ऑफिसातून कधी कॉल लागला नव्हता तिथून पहिल्याच दिवशी स्वच्छ आवाज. फार बरं वाटलं तेव्हा.

लावताना माझा एक अख्खा दिवस कोटर्नच्या सेटिंगमधली एक्स्टर्नल आयपीची (सर्व्हरचा बाहेरून दिसणारा पत्ता) ओळ राहिल्यामुळे गेला, सर्व्हर आतलाच पत्ता वाटत बसला होता. रिलेचे पोर्ट (ज्यांवरून टर्न आवाज पुढे पाठवतो), डिफॉल्ट ४९१५२ ते ६५५३५, क्लाउडच्या फायरवॉलमध्येही उघडावे लागतात. आणि आतल्या नेटवर्कचे पत्ते डिनाइड पीअरमध्ये (रिलेवरून जायला मनाई असलेल्या पत्त्यांची यादी) नक्की टाका, नाहीतर ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो तुमच्या रिलेवरून थेट आत शिरू शकतो, ही गोष्ट अजिबात टाळू नका.

बँडविड्थची भीती होती. जी ७११ ला (आवाज डिजिटल करायची एक पद्धत) एका दिशेने हेडरसकट साधारण ८७ केबीपीएस लागतात आणि रिलेत तोच आवाज आत येऊन बाहेर जातो म्हणजे दुप्पट. पण आइस (आवाजाचे शक्य ते रस्ते तपासून एक निवडायची पद्धत) आधी थेट रस्ता शोधतं, त्यामुळे घरून बोलणारे बहुतेक रिलेवर येतच नाहीत.

उणीव एकच पण मोठी. ४४३ च्या टीसीपीवरून (हरवलेलं पॅकेट परत मागवणारी पद्धत) आवाज गेला आणि नेट खराब असलं की हरवलेलं पॅकेट परत येईपर्यंत मागचं सगळं अडतं, आवाज उशिरा आणि तुटक येतो. म्हणून सॉफ्टफोनमध्ये टर्नचा यूडीपी पोर्ट ३४७८ पहिला ठेवलाय, ४४३ शेवटी. आणि जिथे फायरवॉल टीएलएस उघडून तपासते अशा एका ठिकाणी अजूनही काही चालत नाही, तिथला आमचा माणूस मोबाइलवरूनच बोलतो.