७९ डॉलरची चिमणी-सफाई आम्हाला ३,२०० डॉलरला पडली

न्यू जर्सीत आमच्यासारखी लाकडाची फायरप्लेस असलेलं घर घेतलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमचं घर १९८८ सालचं. विकत घेताना इन्स्पेक्टरने अहवालात लिहिलं होतं, 'चिमणी जाणकाराकडून वेगळी तपासून घ्या.' आम्ही ते वाचलं आणि विसरलो. घर हातबदल होताना चिमणीत कॅमेरा घालून तपासणी करायची असते, इथे तिला लेव्हल २ म्हणतात. आम्ही ती तेव्हाच करून घेतली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

२०२२ च्या दिवाळीला सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांना थंडी सोसेना, म्हणून फायरप्लेस पेटवायचं ठरलं. नेमकं त्याच आठवड्यात पोस्टाने आलेल्या कुपनांच्या पाकिटात '७९ डॉलरमध्ये चिमणी साफ' असं कुपन निघालं. फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी दोघं हजर. ऐन हंगामात लगेच वेळ मिळाली याचं मला बरंच वाटलं. चांगल्या माणसांच्या तारखा तेव्हा महिना महिना मिळत नाहीत, हे नंतर कळलं. व्हॅनवर कंपनीचं नाव नव्हतं.

एकजण शिडी लावून छपरावर गेला. दुसऱ्याने खाली जरा ब्रश फिरवला. गालिच्यावर कापडसुद्धा अंथरलं नाही. वीस मिनिटांत वरचा खाली आला आणि मला फोनवर फोटो दाखवला. चौकोनी मातीच्या फरश्या आणि त्यांतून उभा गेलेला, बोट जाईल एवढा तडा. "मॅडम, यातून कार्बन मोनॉक्साइड घरात येईल. त्याला वास नसतो, रंग नसतो. रात्री झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत." असं म्हणून त्याने सोफ्यावर शाल घेऊन बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. माझ्या पोटात गोळाच आला.

चिमणीला आतून स्टीलचं लायनर, म्हणजे अस्तर, घालायला ४,८०० डॉलर, आजच ठरवलं तर ३,२००. नवरा ऑफिसात होता. फोनवर त्याचं-माझं पाच मिनिटं बोलणं झालं, तेवढा वेळ तो माणूस समोरच उभा होता. मी १,६०० चा चेक दिला. नाव कंपनीचं नाही, एका व्यक्तीचं लिहायला सांगितलं, तेही लिहिलं. दोन दिवसांनी ते येऊन दुपारभर छपरावर ठोकाठोक करून गेले आणि उरलेले पैसे झेलवर (फोनवरून थेट बँकेत पैसे पाठवायची सोय) घेतले. हातात एक पानभर बिल, त्यावर फक्त मोबाइल नंबर.

मग आम्ही हिवाळाभर निर्धास्तपणे लाकडं जाळली. पैसे गेले त्याहून मला हेच जास्त लागतं. सासूबाई रोज संध्याकाळी त्या आगीपुढे जप करत बसायच्या.

फेब्रुवारीत पावसाळी हवा पडली की खोलीत जळका, डांबरासारखा वास यायला लागला. मैत्रिणीने चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेचं प्रमाणपत्र असलेला माणूस सुचवला. त्याने आधी ताडपत्री अंथरली, व्हॅक्यूम लावला, मग लांब काठीवर कॅमेरा चढवला आणि त्याची स्क्रीन माझ्याच हातात दिली. चिमणीची नळी गोल होती. धातूची. वरपर्यंत कुठेही मातीची एक फरशी नाही आणि नवं लायनरही नाही. म्हणजे तो तड्याचा फोटो आमच्या चिमणीचा नव्हताच. आमची फायरप्लेस कारखान्यात बनवून आणलेली, लाकडी चौकटीत बसवलेली. तसं लिहिलेली पट्टी आत जाळीच्या पडद्यामागेच होती. अशा फायरप्लेसला उत्पादकाने सांगितलेलीच चिमणी चालते, हवं ते लायनर त्यात घालताच येत नाही. त्या दोघांनी दुपारभरात फक्त वरची टोपी बदलली होती.

आणि नळीच्या आत काचेसारखा चकाकणारा काळा थर. लाकडाचा धूर थंड होऊन चिकटतो, ते क्रिओसोट. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात आढ्याला काजळी लोंबायची, तीच मी मनात धरून होते. पण काजळी झटकली की पडते. हे चकाकणारं क्रिओसोट साध्या ब्रशने निघत नाही आणि पेटलं तर नळीतच भडका उडतो. भोवती लाकडी चौकट! त्याने सांगितलं, थर इंचाच्या आठव्या भागाएवढा जमेपर्यंतसुद्धा थांबायचं नसतं, आणि आमच्यासारख्या नळीत तर त्याआधीच साफ करायचं. आमची लाकडंही ओलसर होती. २० टक्क्यांच्या आत ओल असलेलीच जाळायची. ते मोजायचं छोटं मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

राज्याच्या ग्राहक खात्याकडे तक्रार केली तेव्हा आणखी गोष्टी कळल्या. ५०० डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार लागतो, त्यावर १३व्हीएच (13VH) ने सुरू होणारा ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक लागतो, आणि करार हातात पडल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो, हेही त्यातच लिहिलेलं असावं लागतं. आमच्या बिलावर यातलं काही नव्हतं. चेक वटला होता, मोबाइल बंद होता. आजवर एक डॉलरही परत आलेला नाही.

नळी बदलेपर्यंत आम्ही फायरप्लेस पेटवली नाही. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म मात्र कॅमेऱ्याची तपासणी झाली त्याच रात्री तपासले, एकाची मुदत संपलेली निघाली.

तो तड्याचा फोटो मी मागून घेतला होता, अजून फोनमध्ये आहे. तुम्हाला कुणी असा दाखवला तर चेकबुक काढण्याआधी थंड फायरप्लेसमध्ये वाकून, डॅम्पर (नळीच्या तोंडाशी असलेली झडप) उघडून टॉर्च मारा आणि आपली नळी गोल आहे की चौकोनी ते बघा. आणि त्याला सांगा, कॅमेरा माझ्यासमोर घाल.