कूपर ब्लॅक की विंडसर?

जुन्या वळणाचा, नजरेत भरणारा सेरिफ (म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला) फॉन्ट हवा असला की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोघांचा स्वभाव मात्र निराळा.

कूपर ब्लॅक शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरचा, 1922चा. त्याच्या सेरिफला टोक नाहीच. कडा मऊ आणि फुगीर, लोण्यात बोट फिरवल्यासारख्या. ‘ओ’च्या आतली पोकळी मागे कललेली असते आणि अक्षरांचे तळही गोलसर, त्यामुळे शब्द जरासा डुलतो. दोनतीन शब्दांच्या फलकाला, टी-शर्टला, पाकिटावरच्या नावाला हा फर्मास. पण परिच्छेद लावायला घेतलात तर संपलंच: आतल्या पोकळ्या इतक्या लहान की बारीक आकारात अक्षरं बुजून जातात. शिवाय तो गंभीर होऊच शकत नाही. शोकसंदेशाला वापरून पाहा, कळेल.

विंडसर थोडा आधीचा, इंग्लंडच्या स्टीफन्सन ब्लेक फाउंड्रीचा, म्हणजे छपाईचे टाइप ओतणाऱ्या कारखान्याचा. खरी गंमत त्याच्या स्मॉल अक्षरांत आहे. ‘एन’ आणि ‘एच’चा उजवा पाय तिरका पडतो, ‘ई’ची आडवी रेघ कललेली, कॅपिटल ‘आर’चं डोकं मोठं. विक्षिप्त, पण सभ्य. हलक्या वजनात, म्हणजे बारीक रेघांच्या रूपात, तो चार ओळी सहज पेलतो. वुडी ॲलनने आपल्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीसाठी वर्षानुवर्षं हाच वापरला, काळ्यावर पांढरा.

पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी मी विंडसरच घेईन. दुरून वाचायच्या पाटीसाठी कूपर. दोन्ही एकाच पानावर नकोत, भांडतात.