वास नसलेलं तैलचित्र

यंदा बाबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून पूर्वी तिथला किल्ला दिसायचा. आता समोर चार मजले उठलेत, बाबांचे गुडघेही जिना चढू देत नाहीत. म्हटलं, किल्लाच भिंतीवर आणू.

विल्यम हॉजेस हा इंग्रज चित्रकार कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेला. १७८० ते १७८३ या काळात तो हिंदुस्थानात होता. परतल्यावर १७८५ ते १७८८ दरम्यान त्याने इथल्या ४८ दृश्यांचा संच छापून काढला, त्यात ग्वाल्हेरचा किल्ला वायव्येकडून दिसतो तसा आहे. मूळ चित्र आहे छापाचं, अ‍ॅक्वाटिंट पद्धतीचं. मला हवी होती त्यावरून कॅनव्हासवर तैलरंगात केलेली मोठी प्रत. दिवाणखान्यात तैलचित्र असणं ही आमची जुनी हौस, दुसरं काही नाही.

मोबाइलवर एक विक्रेता सापडला. ऐतिहासिक वास्तूंच्या चित्रांच्या ‘शंभर टक्के हाताने रंगवलेल्या’ प्रती करतो म्हणे. २४ बाय ३६ इंच, १८,५०० रुपये, निम्मे आगाऊ, बारा दिवसांत पोच. बारा दिवस ऐकून मला आनंद झाला. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. तैलरंगाचा थर बोटाला चिकटेनासा व्हायलाच कित्येक दिवस लागतात, जाड असेल तर आठवडे.

मधूनमधून तो फोटो पाठवायचा. आधी फिकट आकाश, मग अर्धा डोंगर, मग तटबंदी. मी ते घरच्या ग्रुपवर टाकून कौतुक गोळा करत होतो. आज तेच फोटो ओळीने लावले की कळतं, चारही फोटोंत कॅनव्हासच्या कडेवर पडलेली सावली तसूभर हललेली नाही. म्हणजे फोटो एकच, चित्र तेवढं संगणकावर थोडंथोडं पुसलेलं. एका व्हिडिओत ब्रश फिरतानाही दिसला. त्याच्या टोकाला रंग होता का, हे बघायचं मला सुचलंच नाही.

उरलेले पैसे दिले, नळीत गुंडाळलेलं चित्र आलं, बाडा चौकाजवळच्या फ्रेमवाल्याकडून मढवून घेतलं. समारंभात सगळ्यांनी वाहवा केली. फक्त बेबीआत्या जवळ गेली आणि तिने कॅनव्हासला नाक लावलं. ती तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवायची.

“ह्याला जवसाच्या तेलाचा वासच नाही रे. कालपरवा झालेलं चित्र ना हे?”

पाहुण्यांसमोर मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी ती सराफ्यातल्या ओळखीच्या सोनाराचं भिंग घेऊन आली. आधी तिने खोलीतले दिवे बंद केले आणि मोबाइलचा टॉर्च चित्राच्या कडेला धरून तिरपा उजेड पाडला. ब्रशचे फराटे स्पष्ट उठून दिसले, पण ते आकाशातून सरळ डोंगरावर आणि डोंगरावरून झाडांत शिरत होते. चित्राशी त्यांचं काही देणंघेणंच नव्हतं. छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेल फासलं होतं. भिंगातून तर तटबंदी म्हणजे नुसती रांगोळी: गुलाबी, निळे, पिवळे बारीक ठिपके. मग तिने फ्रेम मागून उघडायला लावली. आत दुमडलेल्या कडेवर रंग पट्टीने आखल्यासारखा सरळ संपत होता. हाताने रंगवणाऱ्याचा ब्रश कुठे ना कुठे कडेबाहेर जातोच.

विक्रेत्याला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. “भाईसाहब, वो दाने तो ओरिजिनल में भी हैं।”

या उत्तराला दाद द्यायला हवी, कारण ते अर्धं खरं आहे. अ‍ॅक्वाटिंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड चिकटवतात, आम्ल त्या कणांच्या आजूबाजूचा पत्रा खातं, आणि छापात त्याची बारीक, वेडीवाकडी जाळी उमटते. मी गप्पच झालो असतो. आत्याने फोन हातातून घेतला. “त्या जाळीला एकाच शाईचा रंग असतो, गुलाबी-निळा नसतो. आणि तू ब्रशने रंगवलंस म्हणतोस, मग राळेचे कण तुझ्या कॅनव्हासवर आले कुठून?” आत्या असं अस्सल मराठीत म्हणाली. त्याला किती कळलं देव जाणे, पण फोन ठेवला.

मग बिल काढलं. त्यावर तैलचित्र हा शब्दच नाही. ‘हँड एम्बेलिश्ड कॅनव्हास’ असं छापलेलं. म्हणजे छापील कॅनव्हास, वरून हात फिरवलेला. पैसे देण्याआधी मी ते वाचलं होतं आणि काहीतरी भारी असावं असं समजलो होतो. अशा प्रती उघडपणे, कमी दरात विकणारे असतात, त्यात काही गैर नाही. माझ्याकडून मात्र तैलचित्राचे पैसे घेतले होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ नंबरवर, तक्रार केली. बिलाच्या जोरावर तो निसटलाच असता. पण मेसेजमध्ये त्याने ‘तैलरंग, शंभर टक्के हाताने’ असं लिहून दिलेलं होतं, आणि ते मी पुसलं नव्हतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र काढला नव्हता, आणि ती दोन दिवसांत गायब झाली. बरीच ओढाताण झाल्यावर ६,००० रुपये परत आले. पुढे भांडायला माझ्यात दम उरला नाही.

तुम्ही अशी प्रत मागवणार असाल, तर बिलावर ‘तैलरंग, पूर्ण हाताने रंगवलेले’ हे शब्द आधी मागा. अर्धवट चित्राशेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवून, ओल्या रंगावर सुरी फिरवतानाचा व्हिडिओ मागा. खरा चित्रकार फार तर वैतागेल. शेवटचा हप्ता भिंग लावून झाल्यावर द्या.

चित्र मी उतरवणार होतो. बाबांनी उतरवू दिलं नाही. ते रोज त्यासमोर खुर्ची टाकून बसतात. परवा म्हणाले, “यात लष्कर नाहीच. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली १८१० मध्ये, हा गडी त्याआधीच येऊन गेला.” मग काठी टेकत उठले, पेन्सिल घेतली आणि फ्रेमच्या उजवीकडे, भिंतीच्या चुन्यावर, एक बारीक फुली मारली. “आपलं घर इथे.”